तीन की आठ

गेल्या दिवाळीत माहेरी गेले तेव्हा चावडीला नुकताच रंग दिलेला होता. वर फिकट पिवळा, खाली कमरेएवढा तपकिरी पट्टा, आणि दाराच्या उजव्या हाताला ती संगमरवरी पाटी, कधी नव्हे इतकी लख्ख. लहानपणी याच भिंतीला टेकून आम्ही रेशनच्या रांगेत उभ्या राहायचो. तेव्हा पाटीवर पानाच्या पिचकाऱ्या असायच्या आणि कोपऱ्यात निवडणुकीच्या पोस्टरची खळ वाळलेली असायची. आता ती कुणीतरी घासून काढली होती आणि कोरलेल्या इंग्रजी अक्षरांत पेंटरने काळा ऑइलपेंट भरला होता. मनापासून भरला होता, अक्षर न् अक्षर चकाकत होतं. पाटीवर वाक्य एकच. या गावातून १९१४ ते १९१९ च्या महायुद्धावर २७ जण गेले, त्यांपैकी ८ जणांनी प्राण दिले. मी वाचलं, पुढे निघाले आणि किराणा दुकानाशी थबकले. आठ? मला आठवत होते ते तीन.

इंग्रजी तीन आणि आठ यांत अंतर ते केवढं! डावीकडच्या दोन फटी रंगाने बुजल्या की तिनाचा आठ होतो. परत जाऊन मी आकड्यावरून बोट फिरवलं, पण रंगाचा थर इतका जाड होता की खालची खोबण हाताला लागेना. पारावर बसलेल्या तात्यांना विचारलं. त्यांनी चष्मा कपाळावर चढवून पाटीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "तीन म्हन न्हाईतर आठ म्हन, पोरी. समदी गेलीच की." ग्रामसेवकांनी दप्तरात काही आहे का ते बघतो म्हणून सांगितलं, दप्तरात अर्थातच काही नव्हतं. भावाला विचारलं तर तो म्हणाला, सहा असतील बघ. रात्री अंथरुणावर पडल्यावरही ते डोक्यातून जाईना. माणसं गेली, त्यांना शंभर वर्षं होऊन गेली, ते ठीक. पण पाच माणसं एका दुपारीत ब्रशच्या टोकाने वाढतात आणि साऱ्या गावात एकालाही सांगता येत नाही की ही आमची नव्हेत, याचं काय करायचं?

नावं असती तर मोजता आली असती.

अशा पाट्या आपल्याकडे खूप गावांत आहेत. साताऱ्यात आहेत, कोकणात आहेत, तिकडे पंजाबात तर कितीतरी. सगळ्यांचा साचा एक. पांढरा दगड, दीड-दोन हात लांब, त्यावर एकच इंग्रजी वाक्य, आणि त्या वाक्यात भरायच्या दोन जागा: किती गेले, किती मेले. गाव बदललं की आकडे बदलायचे, बाकी सगळं तेच. लावायची जागाही बहुधा ठरलेली, म्हणजे चावडी, शाळा, नाहीतर कचेरीची भिंत. जिथे सरकार बसतं तिथे. कोण गेलं, कुठे पडलं, कुणाचा मुलगा होता, यातलं एक अक्षर नाही. सरकारने गावाकडून माणसं घेतली आणि गावाच्या हातावर पोचपावती ठेवली, असंच मला त्या दगडाकडे बघून दर वेळी वाटतं. तरी राग धरवत नाही. ती पाटी नसती तर एवढंही उरलं नसतं. १९१८ च्या मानमोडीत, म्हणजे इन्फ्लुएंझाच्या साथीत, याच गावातली युद्धापेक्षा कितीतरी जास्त माणसं गेली असणार. त्यांच्या नावाने तर चावडीवर आकडाही नाही.

आमच्या घरातून जे गेले ते माझ्या पणजोबांचे धाकटे भाऊ. आजी त्यांना 'बसऱ्याचं आजोबा' म्हणायची. खरं तर ते आजोबा कधी झालेच नाहीत. गेले तेव्हा विशीतले होते, लग्न झालेलं, मूल नव्हतं. आजीने त्यांना पाहिलेलं नव्हतं. ती या घरात सून म्हणून आली ती पुढे बऱ्याच वर्षांनी, आणि तिला जे ठाऊक होतं ते तिच्या सासूकडून ऐकलेलं. बाजरीची मळणी चालू असताना ते पलटणीत गेले. काही महिने मनीऑर्डर आली. मग यायची थांबली. त्यांच्या बायकोने, म्हणजे आमच्या धाकट्या पणजीने, कुंकू पुसलं नाही, कारण मेल्याचं कुणी नक्की सांगेना. पुढे कधीतरी पेन्शनचा कागद आला आणि त्या कागदाने ते पुसलं. आजी हे सांगायची तेव्हा आवाज अजिबात चढवायची नाही. बोलता बोलता तिचा हात सुपात चालू असायचा, खडे बाजूला पडायचे.

त्यांचं पान आमच्याकडे सर्वपित्री अमावास्येला वाढलं जातं. ज्यांची तिथी माहीत नाही त्यांचं त्या दिवशी करायचं, अशी पद्धत. मला ते पान नीट आठवतं. सगळ्यांची पानं वाढून झाल्यावर आजी शेवटचं, जरा बाजूला, त्यांचं वाढायची. भाजणीचे वडे, आळूची भाजी, खीर, आमसुलाची चटणी. आणि एक चिमूट तंबाखू, कारण सासू सांगून गेली होती की त्यांना लागायची. एका माणसाबद्दल एवढीच खात्रीची माहिती घरात उरली होती: बसरा आणि तंबाखू.

बसऱ्याला, म्हणजे आजच्या इराकात, काय झालं ते मी पुढे वाचलं. सहाव्या पुणे डिव्हिजनमध्ये आपल्या तीन मराठा पलटणी होत्या: १०३, ११० आणि ११७. शत्त-अल-अरबच्या मुखाशी उतरून टायग्रिस नदीच्या काठाकाठाने त्या वर सरकल्या, बगदादच्या तोंडाशी, टेसिफॉनपर्यंत पोचल्या, तिथे नोव्हेंबर १९१५ मध्ये मोठी माणूसहानी झाली आणि मागे फिरून कूत-अल-अमारा या गावात अडकल्या. तुर्कांचा वेढा १४७ दिवस चालला. खायला उरलं नाही तेव्हा घोडे कापले. आपल्याकडच्या बहुतेक शिपायांनी ते मांस खायला कितीतरी दिवस नकार दिला. हिंदुस्थानातून धर्मगुरूंची संमती मागवली गेली, तरी पुष्कळांना ते गिळवलं नाही. हिरड्या सुजून, पोट बिघडून, थंडीने माणसं गेली. २९ एप्रिल १९१६ ला शरणागती झाली, आणि कैद झालेल्या सुमारे १३,००० माणसांना वाळवंटातून चालवत नेलं. त्यातली हजारो वाटेत आणि छावण्यांत मेली. ज्या माणसाने पुण्यापलीकडे काही पाहिलं नसेल, तो टायग्रिसच्या चिखलात, खंदकात, पोटात भूक असताना काय आठवत असेल? मळणी? मला त्यांच्याविषयी ठाम काही वाटून घेता येत नाही. ते कुणासाठी लढले, हा प्रश्न मला टोचतो. साम्राज्यासाठी लढले हे खरं. पगारासाठी गेले हेही खरं. पलटणीत जाणं ही आमच्या भागात पिढ्यान् पिढ्यांची रीत होती, हेही तितकंच खरं. या तिन्हींतलं एक निवडून बाकीची दोन टाकून द्यायची घाई मला करावीशी वाटत नाही.

साताऱ्याजवळच्या अपशिंग्याची गोष्ट सगळ्यांना माहीत आहे. पहिल्या महायुद्धात त्या एका गावचे ४६ जण पडले. इंग्रजांनी तिथे स्मारक उभारलं आणि गावाच्या नावालाच 'मिलिटरी' चिकटलं. आजही तिथे घरटी एक तरी सैन्यात. तिथली माणसं स्मारकासमोर ज्या ताठ मानेने उभी राहतात त्यात साम्राज्याचा विचार कुठेच नसतो. त्यांच्या दृष्टीने तो दगड त्यांच्या घरच्या माणसांचा आहे, इंग्रजांनी फक्त उभा केला. हे मला पटतं. दगड कुणी बसवला याहून त्याच्यापुढे कोण उभं राहतं, हे शेवटी जास्त मोलाचं.

त्याच जिल्ह्यात, वाई तालुक्यात, चंदन-वंदनच्या पायथ्याजवळ किकली नावाचं गाव आहे. तिथल्या भैरवनाथाच्या देवळाच्या आवारात वीरगळ, म्हणजे लढून मेलेल्यांच्या आठवणीचे कोरीव दगड, ओळीने मांडलेले आहेत, एकेक बघत निघालं तर अर्धा दिवस जावा इतके. माझ्या माहेरी एवढे नाहीत. देवळामागे चाफ्याखाली मोजके आहेत, त्यांतला एक अर्धा जमिनीत गेलेला. शाळा सुटल्यावर आम्ही त्यांवर दप्तरं ठेवायचो. तेल पिऊन काळ्या दगडाची जी एक ओशट, थंड चमक होते, ती हाताला अजून आठवते. वीरगळ खालून वर वाचायचा. सगळ्यात खाली लढाई: ढाल-तलवार घेतलेला वीर, समोर शत्रू, कधी घोडा, कधी गाई, कारण गावची गुरं वळवून नेणाऱ्यांशी लढून मेलेले पुष्कळ, आणि पायाशी तोच वीर आडवा. मधल्या चौकटीत दोन्ही बाजूंनी अप्सरा त्याला उचलून वर नेतात. त्याच्या वर तो हात जोडून शिवलिंगापुढे बसलेला. माथ्यावर कलश, शेजारी चंद्र आणि सूर्य. ते आहेत तोवर याची कीर्ती राहील, हा करार. बोरिवलीला एकसरच्या वीरगळांवर तर वल्ह्यांची जहाजं आहेत, समुद्रावरची लढाई आहे. ती कोणत्या राजाची यावर अभ्यासकांचं एकमत नाही, पण वल्हवणाऱ्यांची रांग दगडात जशीच्या तशी आहे.

कर्नाटकात वीरगळांवर लेख सापडतात, आपल्याकडचे बहुतेक मुके. म्हणजे नाव त्यांच्यावरही नाही. मग तो देवळामागचा वीरगळ मला चावडीवरच्या पाटीइतका का टोचत नाही, याचा मी बराच विचार केला. एक तर तो इथल्याच काळ्या पाषाणात, इथल्याच पाथरवटाने घडवला आहे. आणि त्यात माणूस आहे. तो कसा मेला ते सांगितलं आहे, मेल्यावर त्याचं काय झालं तेही. पाथरवटाला आणि त्याच्या काळच्या गावाला नाव माहीतच होतं, लिहायची गरज पडली नसेल. पुढच्यांना नाव विसरलं, पण एकट्या माणसाचं मरण तिथे आहे, ते कुणाला आठात किंवा तिनात मिळवता येत नाही. पाटीवर नेमकं उलटं झालं. लिहिणाऱ्याला लिहिता येत होतं, नावांची यादी पलटणीच्या कचेरीत होती, आणि तरी लिहिली नाही.

आणि ही चूक फक्त खेड्यातल्या पाटीपुरती नव्हती. त्या युद्धानंतर साम्राज्याच्या युद्धस्मशान आयोगाने एक मोठं तत्त्व घालून दिलं होतं की मेलेल्या प्रत्येकाचं नाव कोरलं जाईल, अधिकारी आणि शिपाई असा भेद होणार नाही. फ्रान्समध्ये नव्ह-शापेल इथे ते पाळलंही. वास्तुकार हर्बर्ट बेकरने तिथे आपल्या अशोकस्तंभांची आठवण देणारा उंच खांब, दगडी जाळ्या आणि वाघ योजले, आणि १९२७ साली उघडलेल्या त्या स्मारकावर ४,७०० हून अधिक हिंदी सैनिकांची नावं आहेत. दिल्लीच्या लट्येन्सच्या कमानीवर, म्हणजे इंडिया गेटवरही १३,००० हून अधिक नावं आहेत. पण १९२९ साली बसऱ्याला जे स्मारक उभं राहिलं, जिथे मेसोपोटेमियात, म्हणजे त्याच इराकात, कबर न सापडलेल्या ४०,००० हून अधिक लोकांची नोंद आहे, तिथे अधिकाऱ्यांची नावं आली, गोऱ्या शिपायांची आली, आणि हिंदी शिपाई मात्र पलटणीच्या नावाखाली आकड्याने आले. अमुक पलटण, आणि इतर इतके. २०२१ साली आयोगाच्याच चौकशी अहवालाने हे मान्य केलं, की सुमारे ४५,००० ते ५४,००० मृतांना, त्यात बहुतांश हिंदी आणि आफ्रिकी, बरोबरीने वागवलं गेलं नाही. आणि आयोगाने माफी मागितली. ते स्मारक १९९७ मध्ये सद्दामच्या हुकुमाने मूळ जागेवरून उचलून नासिरियाच्या रस्त्यावर ३२ किलोमीटर लांब वाळवंटात नेऊन पुन्हा उभारलं. आमचे पणजोबांचे भाऊ असे मेल्यानंतरही हलवले गेले, आकडा म्हणून.

नाव कोरल्याने काय होतं, याचं उत्तर आपल्याकडेच, भीमेकाठी आहे. १ जानेवारी १८१८ च्या लढाईनंतर कोरेगावच्या स्तंभाचा पाया १८२१ मध्ये घातला गेला, आणि त्या दगडावर पडलेल्यांची नावं कोरली गेली. त्यांत 'नाक' या प्रत्ययाची नावं आहेत, महार शिपायांची. कंपनीने तो स्तंभ स्वतःच्या विजयासाठी उभारला, त्यात शंका नाही. पण पुढे सरकारनेच महारांची भरती बंद केली, १९१७ मध्ये गरज पडली तेव्हा १११ वी महार पलटण उभी केली आणि १९२१ मध्ये मोडूनही टाकली. त्या सगळ्या काळात ती नावं तिथे दगडावर होती. १ जानेवारी १९२७ ला डॉ. आंबेडकर तिथे गेले ते त्या नावांपुढे उभे राहायला. नुसता आकडा कोरला असता तर आमचेही पूर्वज यात होते, हे सिद्ध करायला काय राहिलं असतं? आमच्या चावडीवरच्या २७ मध्ये महारवाड्यातले किती, हे कुणाला सांगता येत नाही. ज्या भिंतीवर तो आकडा लावला, त्या चावडीची पायरी तेव्हा त्यांना चढू दिली असेल का, हे मात्र मला न सांगता कळतं.

आता त्या युद्धस्मशान आयोगाच्या संकेतस्थळावर बसऱ्याच्या हिंदी शिपायांचीही नावं शोधता येतात. दिवाळीहून परतल्यावर मी रात्री जेवणं आटोपली की शोधत बसायची. सोपं नाही ते. कुणा कारकुनाने कानाला ऐकू आलं तसं इंग्रजीत उतरवलेलं. एकाच गावाची वेगवेगळी स्पेलिंगं, एकाच नावाचे पन्नास जण. पण नोंदीत पुष्कळदा बापाचं नाव, गाव, तालुका आणि 'सातारा, मुंबई इलाखा' असं असतं, तेवढ्या आधाराने पुढे सरकता येतं. मेलेल्यांपैकी चार जण मला आमच्या गावचे म्हणून खात्रीने मिळाले. एक महारवाड्यातला, मेसोपोटेमियात फौजेमागे मजूर म्हणून गेलेला. चार म्हणजे माझा तीन गेला, असं एक दिवसभर वाटत राहिलं. मग लक्षात आलं, चौथा १९२० साली इराकच्या बंडाळीत गेलेला. आयोग ऑगस्ट १९२१ पर्यंतचे मृत धरतो. पाटी १९१९ ला थांबते. अजून काही नोंदी अशा आहेत की गाव आमचं की शेजारच्या तालुक्यातलं त्याच नावाचं, ते ठरत नाही. त्यामुळे आठही अगदीच खोडता येत नाहीत.

आणि त्या चारांत आमचे आहेत. ११० वी पलटण, शिपाई, बापाचं नाव माझ्या खापरपणजोबांचं, बरोबर. मृत्यूची तारीख १९१६ च्या जानेवारीच्या अखेरीची, म्हणजे वेढ्यातली. नाव इथे लिहीत नाही. बाकी तिघांच्या घरच्यांना आधी कळायला हवं, मगच चारही नावं एकदम लिहिता येतील. आईला फोन करून तारीख सांगितली. ती बराच वेळ बोलली नाही, मग म्हणाली, गुरुजींकडून तिथी काढून आण. पौष वद्यातली निघाली. सर्वपित्रीचं पान तरी बंद करायचं नाही, असं तिचं म्हणणं. इतकी वर्षं ते त्या दिवशी यायचे, वाट चुकायला नको. मला हे बोलणं ऐकून बरं वाटलं आणि रडूही आलं, आणि हे दोन्ही एका वेळी कशाने, ते अजून नीट उकललेलं नाही.

२०२३ च्या ऑगस्टमध्ये गावोगाव शिलाफलक बसले, तसा आमच्याकडेही शाळेसमोर बसला. साचा त्याचाही एकच, देशभर सारखा, पण त्यात नावांसाठी जागा ठेवलेली आहे, आणि गावचा जवान त्यावर नावानिशी आहे. महायुद्धातले त्यावर नाहीत. त्यांना कुणी ओळखतच नव्हतं तर कोण सुचवणार? मी ग्रामपंचायतीला पत्र दिलं आहे. मागणी मोठी नाही. जुनी पाटी काढायची नाही, बदलायची नाही. अ‍ॅसिड न वापरता तिच्यातला ऑइलपेंट तेवढा उतरवायचा, म्हणजे खालची खोबण काय म्हणते ते दिसेल. तिच्याखाली इथल्याच काळ्या दगडाची दुसरी पाटी, मराठीत: नाव, बापाचं नाव, पलटण, कुठे पडला, तारीख. जी नावं अजून मिळायची आहेत त्यांच्यासाठी खाली मोकळी जागा. सरपंचताईंना कल्पना आवडली, दगडाचा खर्च माजी सैनिक उचलतो म्हणाले. अडलंय ते क्रमावर. काहींचं म्हणणं आडनावांनी लावा, म्हणजे एका भावकीची माणसं एकत्र येतील. कुणी म्हणालं हुद्द्याने. मी तारखेने म्हणते आहे, जो आधी पडला तो वर. मग वाडा, भावकी, जात, हुद्दा काहीच मध्ये येत नाही, आणि मजूर म्हणून गेलेला तो माणूस आमच्या आजोबांच्या वर येतो, कारण तो त्यांच्या आधी गेला. या मुद्द्यावर ग्रामसभेत आवाज चढणार, हे मला आत्ताच दिसतं आहे. मी जाणार आहे, चारही नोंदींच्या छापील प्रती घेऊन.